शेरलॉक होम्सचा बाप आणि दावोसची टेकडी

दावोस म्हटलं की आता आपल्याकडे एकच चित्र डोळ्यांपुढे येतं. जानेवारीतली कडाक्याची थंडी, ओव्हरकोटातले मंत्री, हस्तांदोलन करणारे उद्योगपती आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'इतक्या हजार कोटींचे करार' असा मथळा. १९७१ पासून जगभरच्या अर्थकारणातली बडी मंडळी तिथे जमतात. अलीकडे महाराष्ट्राचे मुख्यमंत्रीही लवाजम्यासह जाऊन येतात. करार किती झाले आणि त्यातले कारखाने किती उभे राहिले हा विषय वेगळा. इथे गोष्ट आहे ती त्या गावासमोरच्या एका डोंगराची.

डोंगराचं नाव याकोब्सहॉर्न. उंची २,५९० मीटर. ज्या आल्प्समध्ये चार हजार मीटरवरची शिखरं डझनांनी मोजतात, तिथे ही उंची म्हणजे किरकोळच. शिवाय दावोस गावच १,५६० मीटरवर वसलेलं. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम शंभर मीटरने खाली. तिथून हजारएक मीटरचा चढ. बारी गावातून कळसूबाई चढून गेलेल्या माणसाला तो ऐकून धडकी भरणार नाही. फरक इतकाच की हिवाळ्यात या चढावर माणूस कमरेपर्यंत बुडेल एवढा बर्फ असतो.

१८९४ च्या हिवाळ्यात तीन माणसं हा डोंगर स्की लावून चढली. त्यांतले दोघे गावातलेच, टोबियास आणि योहान ब्रांगर नावाचे भाऊ. तिसरा होता इंग्लंडहून आलेला, भरघोस मिशांचा, दणकट बांध्याचा चौतीस वर्षांचा एक डॉक्टर. काही महिन्यांपूर्वीच त्याने जगातल्या सर्वांत लोकप्रिय गुप्तहेराला ठार मारलं होतं! ओळखलंत ना? आर्थर कॉनन डॉयल. १८९३ च्या डिसेंबरात 'स्ट्रँड' मासिकात त्याने शेरलॉक होम्सला याच स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाखच्या धबधब्यात लोटून दिलं होतं. इकडे वाचक चिडलेले, तिकडे लेखक बर्फात.

पण डॉयल काही हवा पालटायला किंवा मजा करायला दावोसला गेला नव्हता. त्याची बायको लुईझा हिला क्षय झाला होता.

इथे एक कडवट योगायोग आहे. डॉयल नुसता गोष्टीतल्या वॉटसनसारखा डॉक्टर नव्हता, तो खरोखरचा डॉक्टर होता, आणि क्षयाशी त्याची गाठ आधीच पडली होती. १८९० च्या नोव्हेंबरमध्ये रॉबर्ट कॉख यांना बर्लिनमध्ये क्षयावर उपाय सापडल्याची बातमी आली तेव्हा सगळ्या युरोपात आनंदाची लाट उसळली. डॉयलने तडक बर्लिन गाठलं. व्याख्यानाच्या सभागृहात त्याला शिरकाव मिळाला नाही, तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टराची टिपणं वाचून, रोग्यांचे वॉर्ड पाहून त्याने इंग्लंडच्या वाचकांना कळवलं की घाई करू नका, या औषधाने रोग बरा होतो हे अजून सिद्ध झालेलं नाही. पुढे त्याचंच खरं ठरलं. आणि तीनच वर्षांत तो रोग त्याच्या घरात निघाला. लक्षात आलं तोवर बराच पुढे गेलेला. तज्ज्ञांनी लुईझाला थोड्या महिन्यांचीच मुदत दिली. पदरात दोन मुलं, मोठी मुलगी चार-पाच वर्षांची आणि धाकटा मुलगा वर्षाचा.

त्या काळात क्षयावर औषधच नव्हतं. कॉख यांनी रोगाचा जंतू १८८२ मध्ये शोधला होता, पण त्याला मारणारं स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. तोवर उपाय एकच, हवा. आपल्याकडेही नंतर पाचगणीला, मिरजेला रोगी नेत असत ते याच आशेवर. युरोपातल्या ऐपतदारांची पाचगणी म्हणजे दावोस. १८५३ मध्ये तिथे डॉक्टर म्हणून आलेल्या अलेक्झांडर स्पेंगलर यांना गावकऱ्यांत क्षय आढळत नाही असं दिसलं आणि १८६५ च्या हिवाळ्यात पहिले दोन रोगी तिथे मुक्कामाला आले. मग हॉटेलं उभी राहिली, सॅनेटोरियमं आली. आर. एल. स्टीव्हन्सनने 'ट्रेझर आयलंड' पुरी केली ती याच गावात, स्वतःच्या छातीचं दुखणं घेऊन आलेला असताना. उपचार काय, तर गच्चीत रग लपेटून पडायचं आणि कोरडी, बोचरी हवा छातीत भरून घ्यायची. तासन्‌तास. दिवसामागून दिवस.

रोग्याला निदान पडून राहण्याचं काम तरी असतं. सोबत आलेल्या माणसाने काय करायचं? हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर ज्याने आठवडे काढलेत त्यालाच हा प्रश्न कळेल. डॉयल लिहीत होता, पण माणूस मुळात मैदानातला. क्रिकेट, फुटबॉल, बॉक्सिंग सगळं खेळलेला. समोर पांढरे डोंगर आणि पायांना काम नाही. त्यातच त्याच्या वाचनात नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनचं पुस्तक आलं. १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड आडवा पार केल्याची ती हकीकत. स्कीचं वेड डोक्यात शिरलं ते तिथून.

गुलमर्ग आणि औलीची छायाचित्रं आता घरोघरी पोचली आहेत, त्यामुळे स्की म्हणजे काय ते सांगायला नको. पण त्या वेळच्या फळ्या आजच्यासारख्या हलक्या नव्हत्या. एल्म लाकडाची, आठ फूट लांब आणि चार इंच रुंद अशी एकेक पट्टी, पुढचं टोक वर वळवलेलं, मध्यभागी पाय अडकवायला चामड्याचे पट्टे. बस्स. बूट घट्ट पकडणारी यंत्रणा नाही, कडांना पोलाद नाही. नॉर्वेत पिढ्यान्‌पिढ्या लोक अशा फळ्यांवरून शेजारच्या गावी जात. स्वित्झर्लंडमध्ये मात्र हे खूळच मानलं जाई. हिवाळ्यात डोंगरावर जायचं ते जळणासाठी किंवा शिकारीसाठी, आणि तेही पायाला गोल चौकटीचे बर्फजोडे बांधून.

ब्रांगर बंधूंनी नॉर्वेहून फळ्या मागवल्या होत्या. टोबियास हा गावातला दुकानदार, खेळांची हौस असलेला. सुरुवातीला हे दोघे भाऊ अंधार पडल्यावर सराव करत असं सांगतात. कारण सोपं आहे. दिवसा केला तर गाव हसतं. ज्या गिऱ्हाइकाला सकाळी दुकानात माल विकायचा, त्याच्यासमोर आदल्या दिवशी संध्याकाळी बर्फात चारी मुंड्या चीत झालेलं दिसणं धंद्याला बरं नव्हे! डॉयलला ती पंचाईत नव्हती. तो दिवसाढवळ्या पडला. भरपूर पडला. हॉटेलातल्या रोग्यांची तेवढीच करमणूक झाली. या फळ्यांच्या लहरीपणावर त्याने पुढे खुसखुशीत लिहिलं आहे. भावांची प्रगती आपल्यापेक्षा पुष्कळच बरी होती हेही मोकळेपणाने कबूल केलं आहे.

महिनाभराच्या आपटाआपटीनंतर तिघांनी ठरवलं, समोरचा याकोब्सहॉर्न चढायचा.

खालच्या उतारावर फर वृक्षांचं दाट जंगल होतं. त्यात आठ फुटी फळ्या पायात घालून वळताच येईना, म्हणून त्या पाठीवर बांधून तिघे जंगल पार होईपर्यंत पायीच चढले. झाडं संपली, उघडा बर्फ लागला आणि मग फळ्या पायात आल्या. स्कीने डोंगर चढायचा म्हणजे सरळ वर जायचं नाही. तिरकं जायचं, थोडं वर चढायचं, थांबून फळ्या उलट दिशेला फिरवायच्या आणि पुन्हा तिरकं. घाटातल्या रस्त्यासारखी नागमोडी वाट आपणच बर्फावर आखत जायची. पाय उचलायचा नाही, पुढे सरकवायचा. वेग म्हणावा तर बैलगाडीचा. फायदा एवढाच की ज्या बर्फात नुसता बूट कमरेपर्यंत गेला असता, त्याच्या वरच्या थरावर माणूस तरंगत राहतो.

तिघे माथ्यावर पोचले तेव्हा खाली गावात त्यांच्यावर नजर ठेवून असलेल्यांनी झेंडे झुकवून सलामी दिली. महिनाभर ज्या गावाने पोट धरून हसून घेतलं, त्याच गावाचे झेंडे! हे सगळं एका अशा टेकाडासाठी, ज्याचं नाव गिर्यारोहणाच्या इतिहासात कुणी घेतलंही नसतं.

खरी मजा मात्र उतरताना होती. ज्या चढाने घाम काढला, तोच आता फुकट वाहून नेतो. डॉयलला हे जवळजवळ उडण्यासारखं वाटलं. अधूनमधून कोलांटी खाल्ली, उठला, पुन्हा सुटला. खाली हॉटेलात बायको खोकत होती, डॉक्टरांनी दिलेली मुदत डोक्यावर टांगलेली होती. या घसरणीने त्याला किती दिलासा दिला ते त्याने कुठे लिहिलेलं नाही. पण त्यानंतर तो हॉटेलात बसून राहिला नाही, एवढं खरं.

आज त्याच याकोब्सहॉर्नवर केबल कारने काही मिनिटांत जाता येतं. विशेष म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी, बोल्गेनच्या उतारावर, १९३४ च्या डिसेंबरमध्ये एर्न्स्ट कॉन्स्टाम नावाच्या इंजिनिअरने स्कीवाल्यांना दोरीला टांगलेल्या आडव्या दांड्याने ओढत वर नेणारी लिफ्ट सुरू केली. अशा तऱ्हेची ती जगातली पहिलीच. चढ संपला, उतार तेवढा उरला आणि स्की हा लाखो लोकांचा खेळ झाला. तरीही काही लोक अजून आपल्या पायांनीच चढतात. लिफ्टच्या रांगा टाळून शेजारच्या निर्मनुष्य शिखराकडे पहाटे निघायचं, दुपारी परतायचं. याला स्की टूरिंग म्हणतात. डॉयलच्या वेळेपेक्षा साधनं फार पुढे गेली आहेत. फळीच्या तळाला 'स्किन' नावाची केसाळ पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता नायलॉन किंवा मोहेअरची. मखमलीवरून हात फिरवून बघा, एका दिशेने सरकतो आणि उलट दिशेने अडतो. तीच युक्ती. फळी पुढे सरकते, मागे घसरत नाही. बुटाची टाच चढताना मोकळी असते आणि माथ्यावर पोचल्यावर पक्की अडकवता येते. स्किन सोलून पिशवीत टाकायची की उतरायला तयार.

पण सगळ्यांत मोठा फरक साधनांचा नाही, माहितीचा आहे. याकोब्सहॉर्नच्या समोर, दरीच्या पलीकडच्या वाइसफ्लूयोखवर १९३६ मध्ये शास्त्रज्ञांनी बर्फाचा अभ्यास सुरू केला. आज दावोसची हिम आणि हिमप्रपात संशोधन संस्था जगात नावाजलेली आहे. हिवाळ्यात रोज तिचं बुलेटिन निघतं. धोका किती, ते एक ते पाच अशा पायऱ्यांत सांगतात. हिमप्रपात म्हणजे डोंगर कोसळणं नव्हे. बर्फ थराथराने साठतो. खालचा एखादा थर साखरेसारखा भुसभुशीत राहिला आणि वर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर बसला, की तो वरचा पापुद्रा नुसता टेकलेला असतो. उतार तीस अंशांच्या वर असेल तर एका माणसाचं वजनही त्याला सुटायला पुरतं. म्हणूनच माणसांचे बळी घेणारे बहुतेक हिमप्रपात त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यांनी सुरू केलेले असतात. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर जगण्याची आशा चांगली, पुढे ती झपाट्याने घटते. बाहेरून मदत येईपर्यंत तेवढा वेळ नसतो. सोबत्यांनीच उकरायचं. त्यासाठी प्रत्येकाच्या छातीवर संदेश देणारं-घेणारं छोटं यंत्र, पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची लांब काठी असते. एवढं सगळं असूनही कधी कधी माथा शंभर मीटरवर दिसत असताना मागे फिरावं लागतं. जाणती माणसं फिरतात.

त्या तिघांकडे यातलं काही नव्हतं. जे होतं ते ब्रांगर बंधूंच्या नजरेत होतं.

याचा प्रत्यय पुढच्याच मोहिमेत आला. याकोब्सहॉर्नने हुरूप वाढला आणि २३ मार्च १८९४ रोजी तिघे मायेनफेल्डर फुर्का ही सुमारे २,४४० मीटर उंचीची खिंड ओलांडून शेजारच्या खोऱ्यातल्या अरोसा गावाला निघाले. हिवाळ्यात तिथे जायचं म्हणजे आधी रेल्वे आणि मग घोड्यांची गाडी असा लांबलचक वळसा. पहाटे साडेचारला सुरुवात, डोक्यावर चंद्र. वाटेत एका तीव्र उतारावरून आडवं जावं लागलं. एका अंगाला खोल दरी. पाय घसरला तर थेट तळाशी. ते सगळं अंतर दोघे भाऊ डॉयलच्या दरीकडच्या बाजूने चालत राहिले, म्हणजे साहेब घसरला तर आधी ते आडवे येतील. पुढे एका उभ्या उतारावर फळ्या एकत्र बांधून त्यांची घसरगाडी करायचं ठरलं. डॉयलची गाडी त्याच्या हातून सुटून एकटीच खाली पळाली आणि बाकीचा उतार त्याला पँटच्या भरवशावर उतरावा लागला. हे कापड कधी झिजत नाही अशी ग्वाही देणाऱ्या आपल्या शिंप्याची त्याने या प्रसंगावरून भरपूर टर उडवली आहे. बरोबर सात तासांत, साडेअकरा वाजता तिघे अरोसात. पाहुणे एकच्या आत येणार नाहीत असा हिशेब करून गावकरी स्वागताला बाहेर पडले, तेव्हा डॉयलचं हॉटेलात जेवण उरकत आलं होतं!

ही हकीकत त्याने १८९४ च्या डिसेंबरात त्याच 'स्ट्रँड' मासिकात लिहिली, ज्यात वर्षापूर्वी होम्स मेला होता. एक दिवस शेकडो इंग्रज खास स्कीसाठी स्वित्झर्लंडला येतील असं भाकीतही करून टाकलं. ते शेकडोंवर थांबलं नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. दावोसमध्ये आज त्याच्या नावाचा स्मृतिफलक आहे.

आता श्रेयाचा मुद्दा. त्या १८९४ च्या लेखात डॉयलने सरळ सांगितलं होतं की आदल्या वर्षी, १८९३ मध्येच, ब्रांगर बंधू ही खिंड स्कीवरून पार करून आले होते. म्हणजे मान त्यांचा, आपण मागाहून आलेले. तीस वर्षं गेली. १९२४ मध्ये डॉयलचं आत्मचरित्र आलं आणि त्यात त्याने लिहिलं की स्वित्झर्लंडच्या त्या प्रांतात स्की आणण्याचा, निदान तिचा खरा उपयोग दाखवून देण्याचा पहिला मान आपला. नान्सेनचं पुस्तक आपण वाचलं, टोबियासच्या कानावर आपण घातलं, मग नॉर्वेहून फळ्या आल्या, असा सगळा क्रम. १८९३ चा उल्लेखच नाही. वास्तविक त्याच वर्षीच्या जानेवारीत ख्रिस्तोफ इसेलिनने ग्लारुसहून निघून प्रागेल खिंड स्कीवरून ओलांडली होती आणि त्याच वर्षी ग्लारुसला स्की क्लबही निघाला होता. स्वित्झर्लंडमध्ये स्कीने पाऊल टाकलं ते होम्सच्या जन्मदात्याची वाट न पाहता.

डॉयल खोटं बोलत होता का? तसं वाटत नाही. पासष्टीला टेकलेल्या माणसाची आठवण ती. एका गोष्टीत आपण होतो, ती आपण जगाला सांगितली, जगाने आपल्याच नावाने ती लक्षात ठेवली, मग हळूहळू सुरुवातही आपल्यापासूनच झाली असं वाटू लागतं. घराघरात होतं हे. लग्न कुणी जमवलं, जागा कुणी शोधली, यावर तीस वर्षांनी दोन भाऊ बसवून बघा. शिवाय जगाला सांगण्याचं श्रेय डॉयलचंच आहे, ते कुणी नाकारत नाही. दुकानदाराने रात्रीच्या अंधारात केलेला सराव 'स्ट्रँड'मध्ये छापून आला नसता.

आत्मचरित्रातल्या त्या उताऱ्यात आणखी एक गोष्ट खटकते. लुईझाचं नाव तिथे नाही. तो हिवाळा दावोसच्या खोऱ्यात काढणं भाग पडलं, इतक्याच शब्दांत तिचा आजार आटोपला आहे. तिचं पुढे काय झालं हे सांगायलाच हवं. काही महिन्यांची मुदत दिलेली ती बाई त्यानंतर जवळजवळ तेरा वर्षं जगली. दावोसनंतर तिच्या छातीला मानवेल अशी हवा पाहून डॉयलने इंग्लंडमध्ये हाइंडहेड इथे घर बांधलं. १९०६ च्या जुलैमध्ये ती गेली. हवेने वाचवलं की नशिबाने, कोण सांगणार? होम्स मात्र तोवर वाचकांच्या आग्रहाखातर पुन्हा जिवंत झाला होता.

आणि टोबियास ब्रांगर? अरोसाच्या हॉटेलात त्या दिवशी रजिस्टर भरण्याचं काम त्याच्याकडे आलं. डॉयलच्या नावापुढे व्यवसायाचा रकाना होता. डॉक्टर लिहिता आलं असतं, लेखक तर नक्कीच. टोबियासने क्षणभरही न अडखळता आपल्या मोडक्या इंग्रजीत लिहून टाकलं, 'स्पोर्टेसमान'. डॉयलला याचा केवढा अभिमान वाटला! स्वतःच्या नावापुढे टोबियासने काय लिहिलं, ते मात्र त्याने सांगितलेलं नाही.